आज आभाळ काय म्हणतंय?

माझ्या आयुष्यात मी सर्वांत जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य कोणतं, याचा कुणी हिशेब मांडलाच, तर 'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य दुसऱ्या नंबरावर येईल. पहिला नंबर 'आज आभाळ भरून आलंय' या वाक्याचा. पैकी एक मी बँकेच्या काउंटरवर बोलतो आणि दुसरं घरच्या कंपाउंडच्या भिंतीवर कोपरं टेकून. दोन्ही वाक्यांत एक साम्य आहे. समोरच्याला ते आधीच दिसत असतं आणि माझ्या सांगण्यानं त्याचा काडीचाही फायदा होत नसतो. तरी काउंटरवरचं वाक्य ऐकून माणसं चिडतात आणि भिंतीवरचं ऐकून खूश होतात. वीस-बावीस वर्षं कारकुनी केल्यावर मी एवढंच शिकलोय की, कोणतीही गोष्ट कुठं टेकून सांगितली याला महत्त्व असतं.

आमचं गाव धाराशिव. म्हणजे पूर्वीचं उस्मानाबाद. शेवटचे निजाम उस्मान अली खान यांच्या नावावरून ते उस्मानाबाद झालं होतं आणि 2023 साली ते सरकारदरबारी पुन्हा धाराशिव झालं. जुनी माणसं मधल्या काळातही 'धाराशिव'च म्हणत होती, त्यामुळं त्यांना काही बदलावं लागलं नाही. बदलावे लागले ते आमच्या शाखेचे रबरी शिक्के. हवा मात्र दोन्ही नावांना सारखीच लागू आहे.

भिंतीपलीकडं राहतात ते अण्णा. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. कळंब तालुक्यात मांजरा नदीच्या काठाला त्यांची चार एकर जमीन आहे. ती पाहायला ते दिवसाआड एसटीनंच जातात, आणि गाडीत बसल्यावर कंडक्टरनं तिकीट नीट फाडलं की नाही हेही बघून येतात. अण्णा बोलतात तेसुद्धा तिकीट फाडल्यासारखं. हवं तेवढंच, आणि सुटे पैसे चोख.

सकाळी साडेसातला मी टूथब्रश घेऊन अंगणात येतो. अण्णा तोवर तुळशीला पाणी घालून मोकळे झालेले असतात.

"काय भाऊसाहेब, आज आभाळ काय म्हणतंय?"

"काल रात्री विजा चमकत होत्या, अण्णा."

"त्या सोलापूरकडं होत्या."

"मग आपल्याकडं येईल का?"

"येलालाय बगा. पण येईलच असं न्हाई."

हवामान खात्याचा अंदाज तरी याहून वेगळा काय असतो? त्या 'येलालाय पण येईलच असं न्हाई' यात मान्सूनचं अवघं शास्त्र सामावलेलं आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आमची कन्या पुण्याला शिकते. दिवाळीच्या सुट्टीत आली की ती आमच्या दोघांच्या या संवादाकडं प्राणिसंग्रहालयातल्या माकडांकडं बघावं तशी बघते. एकदा म्हणाली, "बाबा, याला फॅटिक म्हणतात. मालिनोव्स्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं 1923 साली हे नाव दिलंय. ज्या बोलण्यातून माहिती जात नाही, फक्त संबंध राहतो, असं बोलणं." मी म्हटलं, "बरं झालं त्यानं नाव दिलं. आम्ही नुसतंच बोलत होतो." मग तिनं इंग्लंडच्या डॉ. जॉन्सनचंही सांगितलं. दोन इंग्रज भेटले की पहिल्यांदा हवेबद्दल बोलतात, आणि एकमेकांना जे आधीच ठाऊक आहे तेच घाईघाईनं सांगतात, अशी त्यांची खिल्ली त्यानं 1758 सालीच उडवून ठेवली आहे म्हणे.

माझा याला आक्षेप आहे. इंग्रजांचा पाऊस त्यांची टोपी भिजवतो, फार तर क्रिकेटची मॅच. आमचा पाऊस सोयाबीन भिजवतो. सोयाबीन कापून शेतात बनीम लावून ठेवली असेल आणि तिच्यावर परतीचा पाऊस दोन दिवस लागून राहिला, तर शेंगेतल्या शेंगेत दाण्याला कोंब फुटतात. अशा सोयाबीनला बाजारात काय भाव मिळतो, ते आमच्या खातेदारांच्या पासबुकात छापून येतं. म्हणून धाराशिवात "आज आभाळ काय म्हणतंय?" या प्रश्नाचा अर्थ "तुमचं यंदाचं वर्ष काय म्हणतंय?" असा असतो. विचारणाऱ्याला तो कळतो, उत्तर देणाऱ्याला कळतो. डॉ. जॉन्सनला कळला नसता, कारण त्याचं पीककर्ज नव्हतं.

आमची भाषासुद्धा पाहा. वर्ष हा शब्दच पावसातून आला. वय सांगायचं तर आम्ही 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत' म्हणतो. पण पूर्वजांनी आशीर्वाद दिला तो मात्र शंभर शरद ऋतू जगण्याचा. यात मला नेहमी एक शेतकरी शहाणपण दिसतं. पावसाळे काय, दिसतातच. त्यातून पार होऊन आश्विनाचं निरभ्र आभाळ बघायला मिळालं, तर वर्ष जमेला धरायचं. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं, तर पावसाळा म्हणजे कर्जमंजुरी आणि शरद म्हणजे वसुली.

आणि शरदही काही साधा ऋतू नाही. कवींना त्यात चांदणं दिसतं. कवी बहुधा ऑक्टोबरच्या दुपारी बाराला घराबाहेर पडत नसावेत. मान्सून सप्टेंबरच्या मध्यावर राजस्थानातून माघारी निघतो आणि ऑक्टोबरात आमच्याकडून जातो. जाताना ढग घेऊन जातो, जमिनीतली ओल मात्र इथंच ठेवतो. वरून मोकळं ऊन, खालून वाफ आणि मधे सहा नंबर काउंटरवर मी, असं ते इडलीपात्र असतं. सकाळी गारवा, दुपारी ऑक्टोबर हीट, चार वाजता गडगडाट, रात्री पुन्हा चांदणं. एकाच दिवसात माणसानं स्वेटर, पंखा, छत्री आणि मसाला दूध या चारही गोष्टी वापराव्यात, असा हा आमचा काळ. त्यात उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती ही नक्षत्रं. हस्ताच्या पावसाला आम्ही हत्तीचा पाऊस म्हणतो. पंचांगात त्या वर्षीचं वाहन बेडूक असो की गाढव, अण्णांच्या लेखी हस्ताचं वाहन कायम हत्तीच. हा हत्ती पुढं गोष्टीत येणार आहे, म्हणून त्याला इथंच बांधून ठेवतो.

खरं तर मला पावसाचा अंदाज घ्यायला आभाळाकडं बघावं लागत नाही. शाखेतल्या रांगेवरून मी ऋतू ओळखतो. जूनमध्ये सोनेतारणाच्या टेबलासमोर बायका दिसू लागल्या की मृग निघाला समजायचं. ऑक्टोबरात पैसे भरायची रांग लांबली तर पाऊस चांगला; काढायची लांबली तर नाही. सरकार हेच काम पैसेवारी लावून करतं. सप्टेंबरअखेर जी पहिली पैसेवारी जाहीर होते, तिला 'नजरअंदाज पैसेवारी' असं नाव आहे. मराठीत याचा अर्थ नजरेनं बांधलेला अंदाज. हिंदीत 'नजरअंदाज करणं' म्हणजे काय, ते आपण जाणताच. शेतकरी दोन्ही भाषा समजतात.

तर, सोनेतारणाचं टेबल. ते माझ्याकडं आहे, आणि माझ्या या लेखाचं दुखणंही तिथंच आहे.

2025 च्या जूनमध्ये एके दिवशी जेवणाची सुट्टी संपता संपता काकू माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. काकू म्हणजे अण्णांच्या पत्नी. भिंतीवरून वाटीभर कढी देणाऱ्या काकू वेगळ्या आणि पदराच्या टोकाला बांधलेली गाठ बँकेत सोडणाऱ्या काकू वेगळ्या, हे मला त्या दिवशी कळलं. गाठीत पाटल्यांची जोडी होती.

"भाऊ, ह्यांना कळू देऊ नका," त्या म्हणाल्या. "माहेरून भावानं दिले म्हणून सांगणार हाय."

काय झालं होतं ते मला न विचारताच कळलं. बी-खताला पैसे नव्हते. आणि घरातलं सोनं मोडायचं किंवा गहाण टाकायचं नाही, ही अण्णांची शपथ होती. 1972 च्या दुष्काळात अण्णा सतरा वर्षांचे होते. दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि मिलोची लाल भाकरी खात होते. त्या साली त्यांच्या वडिलांनी त्यांच्या आईच्या अंगावरचं होतं नव्हतं ते सोनाराकडं नेलं. परत काही आलं नाही. हे सगळं अण्णांनी मला भिंतीवरून एकदाच सांगितलं होतं, तेही 'त्या वर्षी आभाळात ढगच नव्हते' या वाक्याला जोडून.

सराफानं पाटल्या कसोटीवर घासल्या, तोलल्या. मी अर्ज भरला, पाकीट केलं, सील केलं. पाकीट स्ट्राँगरूममध्ये गेलं, पैसे काकूंच्या खात्यात गेले आणि गुपित माझ्या पोटात गेलं. यातल्या पहिल्या दोन गोष्टींची बँकेत नोंद होते.

आता गोपनीयतेचं थोडं सांगायला हवं. बँकेत लागताना आम्ही एका कागदावर सही करतो. राष्ट्रीयीकरणाच्या 1970 च्या कायद्यातलं तेरावं कलमही हेच सांगतं की, गिऱ्हाइकाचं गुपित बाहेर जाता कामा नये. बँकेच्या परीक्षांना बसणाऱ्या प्रत्येकाला या विषयावर टूर्नियर नावाच्या माणसाचा खटला पाठ करावा लागतो. लंडनच्या 1924 च्या लॉ रिपोर्टात तो छापलेला आहे. या टूर्नियरचा ओव्हरड्राफ्ट होता नऊ पौंड, आठ शिलिंग, सहा पेन्स. आठवड्याला एक पौंड भरतो म्हणाला आणि भरेना. मॅनेजरनं त्याचा पत्ता काढायला त्याच्या मालकांना फोन केला आणि बोलण्याच्या ओघात सांगून टाकलं की, हा गृहस्थ पैसे थकवतो आणि बहुतेक घोड्यांवर लावतो. टूर्नियरची नोकरी गेली. तो कोर्टात गेला, आणि अपिलात न्यायमूर्तींनी सांगितलं की, बँकेनं तोंड बंद ठेवायला हवं होतं. माझं नेहमी वाटतं, हा मॅनेजर इंग्रज असून फोनवर हवेबद्दल का बोलला नाही? 'काय साहेब, लंडनला धुकं फार पडलंय' एवढं म्हणून फोन ठेवला असता, तर आम्हाला एक खटला कमी पाठ करावा लागला असता.

त्या निकालात गुपित सांगायला चार अपवाद दिलेत. कायद्यानं भाग पाडलं तर, सार्वजनिक कर्तव्य असेल तर, बँकेचं हित असेल तर, आणि गिऱ्हाइकाची संमती असेल तर. (ही चौथी संमती काकूंनी हा लेख छापण्यापुरती दिली आहे. 'नाव घालू नका आणि वजन सांगू नका' या दोन अटींवर.) चारही अपवाद मी उलटेपालटे करून पाहिले. शेजारधर्म त्यांत बसत नाही. लंडनच्या न्यायमूर्तींचं घर बहुधा स्वतंत्र बंगला असावा.

जून ते सप्टेंबर मी अण्णांशी रोज हवेबद्दल बोललो. पूर्वीही बोलत होतो, पण आता जरा जास्तच जिव्हाळ्यानं. पैशाचा विषय निघेल अशी शंका आली की मी पटकन आभाळाकडं बघायचो. "मेहुण्यानं वेळेला हात दिला बघा," असं अण्णा म्हणाले की मी म्हणायचो, "वारं फिरलंय, अण्णा." आमची सौ. एकदा म्हणाली, "हल्ली तुम्ही सारखं वर बघून का बोलता? मान धरलीय का?"

याच सौ.नं दुसऱ्या दिवशी चहा ओतता ओतता म्हटलं, "काकूंचे हात मोकळे दिसतात. पाटल्या बँकेत ठेवल्या वाटतं?" मी म्हटलं, "आज उकडतंय फार."

तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही. तेरावं कलम माणसाला अंधत्व देतं.

मग आला 2025 चा सप्टेंबर. आमच्या जिल्ह्याची सगळी म्हातारपणं पाऊस का येत नाही यावर बोलण्यात गेली. 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते काही फार जुनं नाही. अशा मुलखाला यंदा पाऊस कधी जाणार हे विचारायची पाळी आली. भूम-परंड्याकडं लोकांना हेलिकॉप्टरनं उचलून काढावं लागलं. मांजरेनं काठ सोडला. ज्या दिवशी घटस्थापना झाली, 22 सप्टेंबरला, त्याच आठवड्यात अण्णांचं चार एकर सोयाबीन पाण्याखाली गेलं. घटात धान्य उगवत होतं आणि शेतात कुजत होतं.

अण्णा शेत बघून आले त्या संध्याकाळी भिंतीजवळ बराच वेळ उभे राहिले. मी गेलो. कशाला सुरुवात करावी कळेना. 2020 च्या ऑक्टोबरात असंच परतीच्या पावसानं झोपवलं होतं, तेव्हा निदान धावपळ तरी होती. पीकविम्यासाठी नुकसान 72 तासांत कळवायचं म्हणून अण्णा मोबाइल उंच धरून रेंज शोधत आमच्या गच्चीवर फिरत होते. तो विम्याचा वाद पुढं सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. यंदा अण्णा फिरलेही नाहीत.

"पाणी ओसरलं का?" मी विचारलं.

"ओसरंल. माती गेली वरची."

"उद्या उघडेल म्हणतात."

"उघडू दे. आता काय."

एवढंच. नंतर आम्ही दोघं एका ढगाकडं बघत राहिलो, जो काही खास नव्हता.

घरात येऊन मला स्वतःचीच लाज वाटली. शेजारच्या माणसाचं वर्ष बुडालं आणि मी त्याला वेधशाळेची बातमी देऊन आलो. त्यात मला दुसरंही ठाऊक होतं. घरात सोनं आहे, अगदीच वेळ आली तर ते आहे, या एका आधारावर तो माणूस उभा आहे आणि तो आधार माझ्या सहीनं पाकिटात पडला आहे. वर्षाच्या आत पैसे भरले नाहीत तर पाकिटाचं काय होतं, त्या नोटिशीचा मसुदाही मीच टाइप करतो.

दसरा आला 2 ऑक्टोबरला. बाहेर हस्ताचा पाऊस चालूच. अण्णा आपट्याची ओली पानं घेऊन आले. मी वाकून नमस्कार केला. पान माझ्या हातावर ठेवता ठेवता ते सहज म्हणाले,

"भाऊसाहेब, घरातल्या पाटल्या तुमच्या बँकेत हायत म्हणं. नीट सुरक्षित हायत नव्हं?"

काकूंनी त्यांना लॉकर सांगितला असणार. मी क्षणभर थांबलो आणि म्हणालो,

"अगदी सुरक्षित आहेत, अण्णा. बँकेत काही काळजी नाही."

यात एक शब्द खोटा असेल तर शपथ. पाटल्या बँकेतच होत्या. सुरक्षित होत्या. लॉकरपेक्षा जास्त सुरक्षित होत्या, कारण लॉकरला एक गिऱ्हाईक किल्ली लावू शकतं, पाकिटाला नाही. अण्णा "बरं झालं" म्हणून गेले. मी ते पान देवाजवळ ठेवलं आणि रात्रभर जागा राहिलो.

आता बांधून ठेवलेला हत्ती सोडतो. कुरुक्षेत्रावर द्रोणाचार्यांनी युधिष्ठिराला विचारलं, अश्वत्थामा मेला का? अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता. धर्मराज 'मेला' हे मोठ्यानं म्हणाला आणि 'नरो वा कुंजरो वा' हे पुटपुटला. वाक्य खरं. तेवढ्यानं त्याचा जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा रथ खाली टेकला, असं सांगतात. माझी स्कूटर पहिल्यापासून जमिनीवरच चालते, त्यामुळं मला काही धक्का जाणवला नाही. पण लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला नेहमी वाटायचं की, एवढ्याशा पुटपुटण्याला एवढी शिक्षा? त्या रात्री मला ती शिक्षा बेताची वाटली. कान्ट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्यानं 1797 साली लिहून ठेवलंय की, घरात लपलेल्या मित्राला मारायला खुनी आला, तरी त्याच्याशी खोटं बोलू नये. कान्टच्या दारात खुनी आला होता, माझ्या दारात अण्णा. खुन्याला चकवणं त्या मानानं सोपं असावं.

मग मी कारकुनी पद्धतीनं दोन रकाने पाडले. चार महिने केलेल्या हवेच्या गप्पा एकीकडं आणि दसऱ्याचं ते एक वाक्य दुसरीकडं. हवेच्या गप्पांत मी काहीतरी लपवत होतो, हे कबूल. पण त्यात अण्णांना फसवणारं काही नव्हतं. आभाळ भरलं होतं तेव्हा भरलंय म्हणालो, उघडलं तेव्हा उघडलंय. ज्याला पुढं विचारायचं त्याला वाट मोकळी होती, आणि जो विचारत नव्हता त्याला मी ढकलत नव्हतो. दसऱ्याला मात्र अण्णांनी सरळ विचारलं आणि मी सत्याचा एक तुकडा असा कापून दिला की, त्यांनी त्याचं असत्य करून घरी न्यावं. 'ते मी सांगू शकत नाही, काकूंना विचारा' म्हणालो असतो, तर? तर गुपित तिथंच फुटलं असतं. 'आज हत्ती काही थांबत नाही' असं म्हणून आभाळाकडं बघितलं असतं, तरी अण्णा समजले असते, कारण आम्हा दोघांचा तेवढा सराव आहे. कोणताही मार्ग स्वच्छ नव्हता. पण मी निवडला तो सगळ्यांत चकचकीत होता, एवढं मात्र खरं.

हवेच्या गप्पांची बाजू मी घेतोय याला एक जुनं कारण आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी शाळेत होतो. अनंत चतुर्दशीची रात्र संपत होती, गणपती बुडवून माणसं झोपली होती. लातूर जिल्ह्यातली गावं गेली तशी आमच्याकडं उमरगा तालुक्यातलीही गेली. काही दिवसांनी माझे वडील तिकडच्या एका परिचिताला भेटायला गेले, बरोबर मलाही नेलं. त्या गृहस्थांच्या घरातलं कोण कोण गेलं होतं, ते वडिलांनी मला वाटेत सांगून ठेवलं होतं. पत्र्याच्या शेडसमोर ते एका दगडावर बसले होते. वडील त्यांच्या शेजारी बसले. बराच वेळ दोघं काही बोलले नाहीत. मला वाटलं, आता वडील काहीतरी मोठं, धीराचं बोलतील. मग ते गृहस्थच म्हणाले, "आज आभाळ मोकळं हाय." वडील म्हणाले, "हां. ऊन पडंल आता." अर्ध्या तासानं आम्ही उठलो. येताना मी वडिलांवर चिडलो होतो. एवढ्या लांब येऊन हवेबद्दल बोलायचं? वडील म्हणाले, "त्यांनी हवा काढली, मग मी दुसरं काय काढणार?"

मला ते उत्तर तेव्हा पटलं नव्हतं. पूर्ण पटलंय असं आताही नाही. काही वेळा माणसानं हवा सोडून बोलावं लागतं. पण तो विषय कुणी काढायचा, हे ज्याचं घर पडलंय त्यानं ठरवायचं असतं, असं मला वाटू लागलंय.

दसऱ्यानंतर तुळजापूरची देवी पाच दिवस निद्रा घेते. मला तेवढीही लागली नाही. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची रीघ लागते; सौ. म्हणाली, तुम्हीही जाऊन या, चेहरा उतरलाय. मी गेलो नाही. मी एवढंच केलं की दुसऱ्या दिवशी काकू कढी द्यायला आल्या तेव्हा त्यांना म्हटलं, "काकू, अण्णांनी मला पाटल्यांचं विचारलं. मी त्यांना फसवल्यासारखं झालं. पुन्हा विचारलं तर मी तुमच्याकडं बोट दाखवणार." काकू कढीची वाटी धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आज उकडतंय, न्हाई?" आणि गेल्या.

दिवाळी झाली. पाऊस गेला. मांजरेकाठच्या त्या चिखलात वापसा यायला वेळ लागला, पण आला. अण्णांनी उरलेल्या रानात हरभरा टाकला. बियाण्याला पैसे कुठून आणले ते मी विचारलं नाही. माझ्या टेबलावर कुणी आलं नव्हतं. स्वाती संपत आली होती. सकाळी पहिल्यांदाच तोंडातून वाफ निघाली, त्या दिवशी अण्णा मफलर गुंडाळून भिंतीशी उभे होते.

"काय भाऊसाहेब, आज आभाळ काय म्हणतंय?"

"निरभ्र आहे, अण्णा. थंडी पडणार."

"हरभऱ्याला चांगलं," ते म्हणाले. "ओल भरपूर हाय यंदा. माघात काढणीला येईल." मग जरा थांबून, तुळशीकडं बघत त्यांनी विचारलं, "यंदा पाऊस लई झाला. तुमच्या तिजोरीत ओल-बिल तर येत नाही नव्हं?"

"नाही. कोरडी असते."

"आन् ते पाकीट कशाचं असतंय? कागदाचं का प्लास्टिकचं?"

लॉकरमध्ये पाकीट नसतं. लॉकरला पाकीट म्हणत नाहीत. तीस वर्षं तिकिटं फाडलेल्या माणसाच्या तोंडी चुकीचा शब्द येत नाही. बायकोचे मोकळे हात त्यांना आषाढापासून दिसत होते, हे मला तेव्हा कळलं. आणि दसऱ्याला त्यांनी 'लॉकर' हा शब्द काढलाच नव्हता, हेही तेव्हाच आठवलं.

मी मनातल्या मनात तेरावं कलम आणि टूर्नियर दोन्ही तपासून घेतले. बँक पाकिटं कशाची वापरते, ही माहिती कोणत्याही गिऱ्हाइकाची नव्हे.

"प्लास्टिकचं, अण्णा. जाड असतं चांगलं."

"मग माघापर्यंत काय होत न्हाई त्याला," अण्णा म्हणाले, आणि दोन्ही हात मफलरीत खुपसून वर बघू लागले. मीही बघितलं. एकही ढग नव्हता.